एकतीस नंबरचा डबा

२ फेब्रुवारी

संस्थेनं आज स्वयंपाकघरासाठी दोन वह्या दिल्या. एकीत किती शिजलं, किती उरलं, फ्रीज किती थंड होता हे लिहायचं. दुसरी राखीव होती, ती मी पिशवीत घालून घरी आणली. म्हणजे या वहीची सुरुवातच चोरीनं झाली. बायकोला माझं अक्षर लागत नाही, तेव्हा काळजी नाही.

बावीस वर्षं हॉटेलच्या भट्टीपुढे काढली. आमचे मालक पाहुण्यांना सांगायचे, याच्या जिभेचा विमा उतरवायला पाहिजे. आता या वयात संशोधन संस्थेत डबे भरायचे. नव्या जागी सगळं मापात. मिठाची चिमूटसुद्धा काट्यावर जाते.

साठ माणसं आहेत, सगळी सांधे दुखणारी. सोळा आठवडे रोज सकाळी त्यांना दिवसभराच्या जेवणाचा डबा इथून जाणार. जेवण सगळ्यांना एकच, फक्त शेवटी वरून मिसळायचं तेल वेगळं. तीस डब्यांत निळ्या झाकणाच्या वाटीतलं, तीस डब्यांत पिवळ्या झाकणाच्या. एक तेल जवसाचं आणि दुसरं साधं, घरोघरी असतं तसलं. कुठलं कुठलं ते अभ्यास चालवणाऱ्या मॅडमनाही माहीत नाही. ते एका बंद पाकिटात आहे आणि पाकीट पलीकडच्या इमारतीत, देखरेखीच्या सरांच्या कपाटात.

मॅडमनी आम्हाला समजावून सांगितलं. "साध्या तेलातल्या चरबीपासून शरीर सूज वाढवणारी द्रव्यं बनवतं. काही माणसांचं शरीर हे काम भराभर करतं, काहींचं हळू. ते जनुकांवर असतं, आईवडिलांकडून येतं. जवसाची चरबी मध्ये पडून ते काम अडवते असं आम्हाला वाटतं. वाटतं म्हणतेय मी. माहीत करून घ्यायलाच हे सगळं आहे."

मी म्हटलं, "म्हणजे एकच शेगडी आणि दोन पातेली. जवसाचं आधी चढलं की दुसऱ्याला जागा नाही."

"जवळजवळ," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. बरं वाटलं.

मग एका कागदावर सह्या घेतल्या. तेल चाखणार नाही, हुंगणार नाही, ओळखायचा प्रयत्न करणार नाही, आणि डबा घेणाऱ्यांत कुणी नात्यातलं असेल तर सांगेन. मी झोकात सही केली.

६ फेब्रुवारी

ताईला एकतीस नंबर मिळाला.

तिला या डब्यांची बातमी मीच दिली होती. चाळीस वर्षं शिवणकाम करते. हाताची काजं अशी घालते की मशीननं लाजावं. दोन वर्षांपासून बोटांचे सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. आईच्या बोटांचं शेवटी काय झालं होतं ते आम्ही दोघांनी पाहिलंय. मेहुणे गेल्यापासून ती एकटी आहे, तिचं दुकान हेच तिचं माणूस. ज्यांना फरक पडेल त्यांच्या औषधपाण्याकडे संस्था पुढे दोन वर्षं बघणार आहे.

मी तिला बजावून ठेवलं होतं, आपलं नातं सांगू नकोस, नाहीतर घेणार नाहीत. आडनाव वेगळं, कुणाला कळतंय. आज फॉर्म भरताना मी बाजूला पाण्याचे पेले ठेवत होतो. फॉर्म भरून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला हा त्रास?"

"आईला होता."

"भावंडं किती?"

ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी नाही."

त्यांनी रकान्यात "नाही" लिहिलं. मीच शिकवलेलं उत्तर, तरी पेला ठेवताना पाणी सांडलं.

१२ फेब्रुवारी

डबे सुरू झाले. माझ्या जोडीला एक बाई आहेत, सगळं तोलून देतात. मी त्यांचं नाव काटाबाई ठेवलंय. मनात. त्या मला शेफसाहेब म्हणतात, तेही टोमण्यानंच. वाट्या भरून, झाकणं लावून त्या गाडीकडे जातात, मग तेल मिसळायचं काम माझ्या एकट्याचं. साठ डबे आणि वर दोन नमुन्याचे, एक निळा, एक पिवळा. नमुने तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवायचे, काही तक्रार आलीच तर तपासायला, मग फेकायचे.

ताईच्या डब्याला पिवळा टिकला आहे. चिठ्ठ्या टाकून ठरलं म्हणे.

१३ फेब्रुवारी

चाखलं.

काटाबाई गाडीकडे गेल्यावर करंगळी आधी एका वाटीत बुडवली, मग दुसरीत. पिवळं एकदम सपाट, पाण्यासारखं. निळ्याला जिभेच्या मुळाशी किंचित कडसरपणा. जवस. बावीस वर्षांची जीभ आहे, तिला पाकीट लागत नाही.

म्हणजे ताईला साधं तेल. सोळा आठवडे ती आशेनं जेवणार, आणि मी तिचा सख्खा भाऊ, स्वतःच्या हातानं तिला दुखणं वाढवणारं तेल कालवून देणार.

लहानपणी दुधावरची साय मी खायचो आणि आई ओरडली की ताई म्हणायची, मी खाल्ली. एकदा मारही खाल्ला तिनं. मी पलंगाखाली ओठ पुसत होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सांगायला तोंड कुठे आहे.

१४ फेब्रुवारी

केलं. नमुन्याची निळी वाटी ताईच्या डब्यात आणि ताईची पिवळी वाटी निळ्या नमुन्याच्या डब्यात. आता रोज असंच. वाट्यांची मोजदाद तीच, वजन तेच. कुणाचं काही गेलं नाही.

२० फेब्रुवारी

आज डब्यांबरोबर चार चिठ्ठ्या परत आल्या. मीठ जास्त, मीठ फार जास्त, मीठ कमी करा, आणि एकानं नुसतं "मीठ" लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. मी काटाबाईंना म्हटलं, दुखणाइतांच्या तोंडाला चव नसते. त्या म्हणाल्या, "मी तोलून दिलेल्यात तुम्ही वरून टाकता, शेफसाहेब. मी बघते रोज."

टाकतो. डिसेंबरात ती जबरदस्त सर्दी झाली तेव्हापासून इथलं मीठ मला बोथट वाटतं. स्वस्तातलं आणत असतील.

१ मार्च

तीन दिवस झालेले नमुने फेकायचे असतात, पण चांगलं अन्न कचऱ्यात घालणं माझ्या जिवावर येतं. काटाबाई तोंड वाकडं करतात आणि दुसरीकडे बघतात. पहिल्या आठवड्यापासून रोज एक नमुना दुपारी जेवतो, दुसरा घरी नेतो. बायको म्हणते, "घरचं जेवण विटलं का?"

एका परीनं हे बरोबरच आहे. ताईच्या नशिबी आलेलं तेल मी माझ्या पोटात घालतोय. कुणाला सांगता येत नाही, पण जेवताना जरा समाधान वाटतं.

८ मार्च

ताईच्या दुकानात गेलो. मशीनवर अर्धा झगा तसाच पडलेला. ती म्हणाली, धाकट्या, जरा सुईत दोरा ओवून दे. मी ओवायला घेतला तर माझाच अंगठा ठणकला. थंडीपासून दुखतो, भट्टीवरच्या कामानं असणार. तिसऱ्या खेपेला जमलं.

मी म्हटलं, "डबा सगळा संपवत जा. तुला चांगलंच मिळतंय."

तिनं सुई घेतली. "चांगलं म्हणजे?"

"म्हणजे चांगलं. माझ्या जिभेवर विश्वास आहे ना?"

तिनं सुई कापडात टोचून ठेवली. मग म्हणाली, "मला काही सांगू नकोस. मला कळायचं नाही असं ठरलंय ना?" आणि चहाला उठली. बहुतेक तिच्या डोक्यावरून गेलं.

२७ मार्च

दूध करपलं. मी ओट्यापाशीच पेपर वाचत होतो. बायको बाहेरच्या खोलीतून धावत आली, "अहो, घरभर धूर झालाय, वास नाही का येत?" बातमी वाचण्यात गुंग होतो. पातेलं घासायला मलाच बसवलं.

घासताना लक्षात आलं, अंगठा दुखत नाहीये. दोन आठवडे झाले असतील. ऊन पडायला लागलं की या तक्रारी आपोआप जातात.

१४ एप्रिल

ताईची बोटं आहेत तशीच. खरं लिहायचं तर उजव्या हाताची दोन जास्तच सुजली आहेत. नऊ आठवडे झाले. काजाचं काम तिनं परत पाठवलं म्हणे, आयुष्यात पहिल्यांदा.

मला काही कळत नाही. मॅडम म्हणतातच, सगळ्यांना लागू पडेल असं नाही, जनुकांवर असतं. ताईचं नशीबच तसलं असेल. चांगलं तेल देऊनही अंगाला लागत नाही त्याला कोण काय करणार.

२३ एप्रिल

गेल्या आठवड्यात सगळ्यांची रक्तं घेतली होती. आज देखरेखीच्या सरांकडून मॅडमना चिठ्ठी आली. साठांपैकी एकोणसाठांची रक्तं आपापल्या झाकणाच्या गटाशी जमतात, एकतीस नंबरचं जमत नाही. तिच्या रक्तात तिच्या डब्यातलं तेल दिसतच नाही.

हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मॅडम काटाबाईंना समजावत होत्या ते मी पाठमोरा उभा राहून ऐकलं. आपण जी चरबी खातो ती रक्तातल्या तांबड्या पेशींच्या पापुद्र्यात जाऊन बसते आणि दोन-तीन महिने तिथे राहते. माणसानं काहीही सांगितलं तरी रक्त बघितलं की कळतं, त्यानं काय खाल्लं.

"डबा खातच नसतील त्या," मॅडम म्हणाल्या. "उद्या बोलावलंय."

२४ एप्रिल

सगळं लिहितो.

छोट्या खोलीत मॅडम, ताई आणि टेबलावर तिचा रिकामा डबा. मला मॅडमनीच बोलावलं होतं, डबे परत येतात तेव्हा त्यात काय उरतं हे सांगायला. मी दाराशी उभा.

मॅडम रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. "खरं सांगा. तुमचा डबा दुसरं कुणी खातं का? की बाहेरचं खाता?"

ताईनं हात मांडीवर, पदराखाली ठेवले होते. ती म्हणाली, "बाहेरचं खाते मी."

"रोज?"

"रोज. तळलेलं. जिभेला आवर नाही माझ्या. डबा कुत्र्याला घालते."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "तुमच्या जागी येऊ शकली असती अशी चाळीस माणसं यादीत थांबली होती. त्यांना आम्ही नाही म्हटलं."

"चुकलं माझं."

मॅडमनी मला विचारलं, "डबा रिकामाच यायचा ना?" मी म्हटलं, "हो." तेवढंच बोललो. सगळ्या खोलीत एक मीच माणूस होतो ज्याला खरं माहीत होतं, आणि मी "हो" म्हटलं.

तिचं नाव यादीतून काढलं. फॉर्मवर मॅडमनी तांबड्या शाईनं लिहिलं, सूचना पाळल्या नाहीत. ताई माझ्या अंगावरून गेली. माझ्याकडे बघितलं नाही.

२५ एप्रिल

ती असं का म्हणाली? खरंच खात असेल का बाहेरचं? एकटी राहते, कोण बघतंय. तसं असेल तर माझा काही दोषच नाही.

२६ एप्रिल

कालचं वाचलं. हे वाक्य माझ्या हातून लिहिलं गेलं याची लाज वाटते. खोडणार नाही. राहू दे.

२९ एप्रिल

आजचं लिहायला तीनदा बसलो.

बायकोनं मला खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. गेले काही दिवस मी जेवत नव्हतो, तिला वाटलं भाजी बिघडलीय म्हणून. भाजी खरंच नासली होती, आणि ती मला कळली नव्हती, मी ती दोन घास खाल्ली होती. तिनं दोन वाट्या आणल्या. एक नाकाखाली धरली.

"कसला वास?"

"कॉफी."

दुसरी धरली. "ही?"

"हीपण कॉफी. थोडी जुनी."

डोळे उघडले. एकीत कॉफी होती. दुसरीत माझ्या बुटांचं पॉलिश.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "डिसेंबरपासून असं आहे. मी वाट बघत होते, तुम्ही सांगाल म्हणून. मीठ, दूध, सगळं. तुम्हाला स्वतःला कळत नव्हतं?"

खरं लिहायचं तर कळत होतं. पहिल्या सकाळीच कळलं होतं. सर्दी उतरली, चहाचा कप तोंडाला लावला आणि गरम पाण्याखेरीज काही नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, येईल उद्या. मग नव्या नोकरीत जीभ विचारणार कोण, सगळं काट्यावर आहे, म्हणून ती धरली. हे मी या वहीलाही सांगितलं नव्हतं.

मग निळ्या वाटीतला तो कडसरपणा कुठून आला? मला तो हवा होता म्हणून आला.

२ मे

ताईकडे गेलो. दुकान अर्धं उघडं. ती नुसतीच बसली होती, हात कोमट पाण्यात बुडवून.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वाट्यांची अदलाबदल, नमुने, नाक, पॉलिश. ती हात पुसत ऐकत होती.

"वाट्यांचं मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू त्या दिवशी आलास ना चांगलं मिळतंय सांगायला. तुझा चेहरा साय खाऊन आल्यावर व्हायचा तसाच झाला होता. मी काय आज ओळखते तुला?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मला वाटलं, त्याची जीभ आहे, त्याला कळलं असेल. डॉक्टरांना जे कळत नाही ते माझ्या भावाला कळलंय." तिनं फडकं घडी करून ठेवलं. "तुझ्या जिभेवर माझा त्या पाकिटापेक्षा जास्त विश्वास होता. म्हणून मीही गप्प राहिले. मीपण चोरच की."

धरणी पोटात घेईल तर बरं म्हणतात, ते मला आज कळलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. हे कसं गिळायचं?

"आणि मॅडमसमोर खोटं का बोललीस? कुत्र्याला घालते म्हणून?"

"तोंडाला आलं ते बोलले," ती म्हणाली. "सवय आहे."

४ मे

सकाळी डबे भरून झाल्यावर मॅडमकडे गेलो. काटाबाईंना थांबायला सांगितलं, एकाच माणसापुढे बोललो तर मी काहीतरी गाळेन म्हणून. ताई माझी सख्खी बहीण आहे इथून सुरुवात केली आणि बुटांच्या पॉलिशवर संपवलं.

मॅडमनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, "बाकीचे डबे?"

"बाकी एकालाही हात लावला नाही."

"रक्तं तेच सांगतायत, म्हणून विश्वास ठेवते." त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या बहिणीची बोटं तुम्ही बिघडवलीत असं मी म्हणणार नाही. साधंच तेल गेलं असेल तर ते ती घरीही खातच होती. पण तिला कशानं बरं वाटलं असतं का, हे आता कधीच कळणार नाही. ते तुम्ही घेतलंत. तिच्याकडूनही आणि आमच्याकडूनही."

मी मान खाली घालून उभा होतो. फरशीवर तेलाचा एक डाग होता, तो पुसावा असं फार वाटत होतं.

उद्यापासून येऊ नका म्हणाल्या. ते मला अपेक्षितच होतं. मी म्हटलं, "एक विनंती आहे. तिचा फॉर्म." तो त्यांनी काढला. तांबड्या शाईतलं वाक्य त्यांनी स्वतः छेदलं आणि शेजारी सही केली. मग मी "भावंडं" या रकान्यावर बोट ठेवलं. "नाही" खोडून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, एक भाऊ, धाकटा.

"मग तुमचंही रक्त देऊन जा," मॅडम म्हणाल्या. "सख्ख्या भावंडांचं रक्त उपयोगी पडतं. निदान तेवढं तरी."

दिलं. जनुकं, चरबी, सूज, सगळं बघणार आहेत.

बाहेर पडताना मनात एक विचार घट्ट धरून ठेवला होता. माझं नाक गेलेलं असलं तरी अंदाज बरोबर निघू शकतो. दोनच तेलं आहेत. नाणं उडवलं तरी निम्म्या वेळा बरोबर पडतं. ताईला जवसच गेलं असेल. तेवढं एक मिळालं तर मी उरलेली मान वर करीन.

९ मे

काटाबाई घरी आल्या. माझा ॲप्रन धुऊन, इस्त्री करून आणला होता. बायकोनं चहा दिला. जाताना दारात त्या म्हणाल्या, "एक सांगू का? या तेलांचा वास काढून टाकलेला असतो. पण गरम भातावर पिवळं पडलं की जरासा येतो. पहिल्याच दिवशी आला होता मला."

"कसला?"

"ते नाही सांगायची. सही केली होती ना आपण."

चप्पल घालून गेल्या. मी दारातच उभा राहिलो. पिवळ्याचा. मला जे सपाट पाण्यासारखं लागलं होतं त्याचा.

३० जून

महिनाभर ताईच्या दुकानात जातोय. बटणं लावतो, काजं घालायला शिकतोय. माझी काजं बघून गिऱ्हाईक विचारतं, हे नवीन का? ताई सांगते, हो, शिकाऊ आहे. त्रेपन्नाव्या वर्षी शिकाऊ. मला ते आवडतं, पण आवडतं असं म्हणायचीही लाज वाटते.

१७ सप्टेंबर

पाकीट उघडलं. मॅडमनी फोन करून बोलावलं. तिथे देखरेखीचे सर होते, म्हातारे, कानात यंत्र लावलेले. मला वाटलं होतं कडक असतील. त्यांनी मला खुर्ची दिली.

पिवळं जवसाचं होतं. ते मला मे महिन्यापासून माहीत होतं, तरी मी परत एकदा विचारून घेतलं.

सरांनी सांगितलं, ताईसारख्या जनुकांची, म्हणजे सूज भराभर बनवणारी, जी माणसं पिवळ्या गटात होती त्यातल्या बऱ्याच जणांची सूज उतरली. सगळ्यांची नाही. दुसऱ्या तऱ्हेच्या जनुकांच्या लोकांना काहीच फरक नाही. मोठा अभ्यास करावा लागेल, एवढ्यावर काही ठरत नाही, असं ते दोनदा म्हणाले.

मग त्यांनी दुसरा कागद काढला. "हे तुमचं. जनुकं बहिणीसारखीच आहेत. आता एक विचारतो. तुम्ही घरी जवस खाता का?"

"नाही."

"तुमचं रक्त मी पाकीट उघडल्यावर बाकीच्यांबरोबर ठेवून बघितलं. एकसष्ट माणसांत सगळ्यात जास्त जवस तुमच्यात उतरलंय. पिवळ्या गटातल्या कुणाहीपेक्षा, जवळजवळ दुप्पट."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दोन्ही नमुने. पिवळा पिवळाच होता, आणि निळ्यात मी ताईची पिवळी वाटी ओतत होतो. रोज, दहा आठवडे, एक दुपारी आणि एक घरी. ताईच्या नशिबातलं तेल मी पोटात घालतोय, असं मी याच वहीत लिहिलंय. समाधान वाटतं असंही लिहिलंय.

सरांनी विचारलं, "सांधे दुखायचे तुमचे कधी?"

"अंगठा," मी म्हटलं. "थांबला मार्चमध्ये."

त्यांनी कागदावर टिपून घेतलं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मॅडमनी मला हळूच सांगितलं. चांगुलपणानं सांगितलं. पण मला सिद्ध करायचं नव्हतं काही.

पुन्हा साय मीच खाल्ली.

१८ सप्टेंबर

रात्रभर ठरवत होतो, सांगू की नको. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या सांगून टाकलं. न सांगण्याची सवय मोडायची तर आजच.

ताई ऐकताना गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर उसवत होती. उसवणं तेवढं तिला अजून जमतं. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तुझ्या तरी अंगी लागलं."

रागानं म्हणाली असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तसं काही नव्हतं. ती खरंच तसं म्हणत होती, आणि म्हणून मला तिथे बसवेना. उठून बाहेर गेलो, रस्त्यावर उभा राहिलो, परत आत आलो.

संस्थेनं तिला तपासायचं कबूल केलंय, अभ्यासात नाही, नुसतंच. मॅडमनी जवसाचं तेल लिहून दिलंय. उशीर झालाय का ते कुणी सांगत नाही. स्वयंपाक तिच्याकडे आता मी करतो. मीठ तोलून घालतो, आणि चव बघायला चमचा तिच्यापुढे धरतो.

दुपारी तिला कोटाचं बटण पक्कं करायचं होतं. डबी उघडून सुई माझ्यापुढे सरकवली, नेहमीसारखी, न बोलता. मी दोरा ओवून दिला. पहिल्याच खेपेला गेला. अंगठा दुखला नाही.